सहकारी संस्थांच्या सामाजिक व पर्यावरणीय योगदानाचे मापन

सहकारी संस्थांच्या सामाजिक व पर्यावरणीय योगदानाचे मापन म्हणजे एखाद्या सहकारी संस्थेने आपल्या सभासदांच्या उपजीविकेत, गावाच्या सार्वजनिक व्यवहारात आणि भोवतालच्या निसर्गात कोणती भर घातली अथवा कोणती तूट केली, हे नोंदींच्या व आकड्यांच्या आधारे ठरविण्याची पद्धत होय. ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक यांवरून संस्थेची आर्थिक स्थिती कळते. संस्थेमुळे सभासदाचे स्थलांतर थांबले काय, ज्या जमिनीवर वा जंगलावर तिचा व्यवहार चालतो ते पुढील पिढीपर्यंत टिकेल काय, या प्रश्नांची उत्तरे मात्र त्या कागदांत सापडत नाहीत.

महाराष्ट्रात सहकाराची चर्चा बहुधा साखर कारखाने, दूध संघ व पतसंस्था यांच्याभोवती फिरते. मापनाचा प्रश्न अधिक उघडपणे दिसतो तो गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुका व शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याचा वनपट्टा या भागात. येथे सामूहिक व्यवहाराचे मुख्य भांडवल उभे जंगल हेच आहे, आणि ते कोणत्याही ताळेबंदात दाखविलेले नसते.

संकल्पना

शाश्वत विकासाची प्रचलित व्याख्या १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने रूढ केली. भावी पिढ्यांच्या गरजा भागविण्याच्या क्षमतेला बाध न आणता आजच्या गरजा भागविणे, असा तिचा आशय आहे. सहकारी चळवळीत हा विचार १९९५ साली औपचारिकपणे आला. त्या वर्षी मँचेस्टर येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने सहकाराची सात तत्त्वे नव्याने मांडली आणि त्यांतील सातवे तत्त्व ‘समाजाविषयी आस्था’ हे ठरले. सभासदांनी संमत केलेल्या धोरणांद्वारे आपापल्या समाजाच्या शाश्वत विकासासाठी संस्थेने काम करावे, असे हे तत्त्व सांगते. संयुक्त राष्ट्रांनी २०१२ व २०२५ ही दोन वर्षे आंतरराष्ट्रीय सहकार वर्षे म्हणून जाहीर केली.

सामाजिक उत्तरदायित्व ही संज्ञा भारतात बहुतेकांना कंपन्यांमुळे परिचित आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपलीकडील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम या कामी खर्च करावी लागते. सहकारी संस्थेला हे कलम लागू नाही. तिच्या बाबतीत प्रश्नाचे स्वरूपही निराळे आहे. कंपनीचे भागधारक एकीकडे व समाज दुसरीकडे असतो. धानोऱ्यासारख्या ठिकाणी सभासद आणि समाज ही बव्हंशी तीच माणसे असतात. नफ्यातील किती वाटा दान केला यापेक्षा नफा कसा मिळविला, हे तेथे अधिक महत्त्वाचे ठरते.

कायद्यातील मोजमाप

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार प्रत्येक संस्थेचे दरवर्षी लेखापरीक्षण होते आणि तिला अ, ब, क, ड यांपैकी वर्ग दिला जातो. वर्ग ठरविताना भांडवल, थकबाकी, कर्जवसुली, नोंदवह्यांची स्थिती, सभा वेळेवर झाल्या की नाही अशा बाबी पाहिल्या जातात. याच अधिनियमाच्या कलम ६६ नुसार निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. कलम ६७ लाभांशावर १५ टक्क्यांची मर्यादा घालते. आणि कलम ६९ नुसार संस्थेला नफ्यातील २० टक्क्यांपर्यंत रक्कम धर्मादाय अथवा सार्वजनिक कामासाठी वेगळी ठेवता येते.

ही तरतूद चांगली आहे, परंतु तिने होते ते खर्चाचे मोजमाप. शाळेला दिलेले बाक, आरोग्य शिबिर, पाणपोई यांची नोंद पैशांत होते आणि अहवालात छायाचित्रासह छापली जाते. ज्या संस्थेला नफाच नाही, पण जिच्यामुळे शेकडो कुटुंबांना व्यापाऱ्याच्या दारी जावे लागले नाही, तिच्या या रकान्यात शून्य येते. ‘अ’ वर्गाची पाटी कार्यालयात लावलेली असते. ती वाचणाऱ्याला जंगलाविषयी काही सांगत नाही, आणि तसे सांगावे अशी कायद्याची अपेक्षाही नाही.

केंद्रीय सहकार मंत्रालय ६ जुलै २०२१ रोजी स्थापन झाले व ८ मार्च २०२४ रोजी राष्ट्रीय सहकारी माहितीसंग्रह सुरू झाला. त्यात देशातील आठ लाखांहून अधिक संस्थांची नोंद आहे. महाराष्ट्रातील संस्थांची संख्या दोन लाखांहून अधिक असून त्यांत गृहनिर्माण संस्थांचा वाटा सर्वांत मोठा आहे. मुंबईतील एका इमारतीची गृहनिर्माण संस्था आणि धानोरा तालुक्यातील एखादी आदिवासी संस्था या गणतीत सारख्याच, म्हणजे एकेक धरल्या जातात. संस्थांच्या संख्येवरून योगदानाचा अंदाज बांधणाऱ्याने हे ध्यानात ठेवणे बरे.

धानोरा परिसरातील संस्था

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्ह्याचे सुमारे तीन चतुर्थांश क्षेत्र वनाखाली आहे. धानोरा तालुका जिल्ह्याच्या पूर्व भागात, छत्तीसगडच्या सीमेला लागून असून तेथे गोंड समाजाची वस्ती मोठी आहे. धान हे मुख्य पीक. त्याला मोहफुले, तेंदूपत्ता, बांबू, हिरडा, डिंक व मध या वनोपजांची जोड असते. या भागात सामूहिक व्यवहाराचे तीन प्रकार एकत्र नांदतात.

पहिला प्रकार जंगल कामगार सहकारी संस्थांचा. ठेकेदारांकडून होणारी वनमजुरांची पिळवणूक थांबावी म्हणून स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या सरकारच्या काळात अशा संस्था उभ्या राहिल्या व पुढे त्या राज्यभर पसरल्या. वनखात्याकडून त्यांना तोडीसाठी कूप दिले जाते, सभासद तोड करतात आणि विक्रीतील वाटा संस्थेला मिळतो. ठेकेदाराला बाजूला सारणे हे त्यांचे ऐतिहासिक कार्य होय, आणि १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणातही ठेकेदारांच्या जागी आदिवासी व मजूर सहकारी संस्था आणण्याचा विचार मांडला आहे. मात्र या संस्थांचे उत्पन्न तोडीवर अवलंबून असते. घनमीटर वाढले की संस्था प्रगत ठरते, आणि वनसंरक्षण कायदा, १९८० नंतर तोड कमी होत गेली तशी कामे घटून अनेक संस्था कागदोपत्री ‘मागे पडल्या’. जंगल वाचण्याने ज्या संस्थेची कामगिरी घटलेली दिसते, तिच्या मोजपट्टीत काहीतरी चुकते आहे हे उघड आहे.

दुसरा प्रकार आदिवासी विविध कार्यकारी सहकारी संस्थांचा. बोलीत त्यांना ‘आविका’ म्हणतात. महाराष्ट्र राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळाच्या वतीने आधारभूत किमतीने धान खरेदी करणे हे त्यांचे दृश्य काम. शेतकऱ्याच्या दृष्टीने केंद्र जवळ असणे व काट्यावर माप बरोबर होणे याला मोल आहे. संस्थेच्या दृष्टीने मात्र एक अडचण कायमची असते. खरेदी झालेले धान भरडाईसाठी उचलले जाईपर्यंत काळ जातो, त्या काळात ते सुकते व वजन घटते. ठरलेल्या मर्यादेपलीकडील घट संस्थेच्या नावे पडते. त्यामुळे ज्या वर्षी संस्थेने अधिक शेतकऱ्यांचे धान घेतले, त्याच वर्षी तिचा तोटा अधिक दिसू शकतो. केवळ ताळेबंद वाचणारा अशा संस्थेला अकार्यक्षम म्हणेल.

तिसरा प्रकार वनहक्कप्राप्त ग्रामसभांचा. ग्रामसभा सहकार कायद्याखाली नोंदलेली नसते, तिला भागभांडवल नसते व निबंधकाचे नियंत्रणही नसते. तरीही खुले सभासदत्व, प्रत्येकाचा समान आवाज, सामाईक मालमत्ता व उत्पन्नाची सामूहिक विभागणी ही सहकाराची लक्षणे तिच्यात पुरेपूर आहेत. या लेखात तिचा विचार त्या अर्थाने केला आहे.

मेंढा (लेखा)

धानोरा तालुक्यातील मेंढा हे गोंडांचे छोटे गाव गडचिरोली-धानोरा मार्गावर, कठाणी नदीच्या परिसरात आहे. लेखा येथील गट ग्रामपंचायतीत ते मोडते, म्हणून ‘मेंढा (लेखा)’ असे जोडनाव पडले. १९८० च्या दशकात या भागात मोठ्या धरणांविरुद्ध व जंगलाच्या बाजूने झालेल्या आंदोलनांतून गावात विचारमंथन सुरू झाले. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ यांतून येथे दोन प्रथा रुजल्या. निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचा, आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटात विषयाची चर्चा करायची. दिल्ली-मुंबईत आपले सरकार असले तरी गावात आपणच सरकार, या आशयाची गावाची घोषणा पुढे देशभर गेली.

वनहक्क कायदा, २००६ अन्वये मेंढ्याला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातील अशा पहिल्या गावांत त्याची गणना होते. हक्क मिळाला तरी बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना वनखाते देत असे आणि बांबू गौण वनोपज आहे की झाड, हा वाद मिटलेला नव्हता. कायद्याच्या व्याख्येत बांबू गौण वनोपजात स्पष्टपणे आलेला होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत मेंढ्यात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. सप्टेंबर २०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन गौण वनोपजाचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला, आणि २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमातील ‘झाड’ या व्याख्येतूनही बांबू वगळण्यात आला.

मापनाच्या दृष्टीने मेंढ्याचे महत्त्व येथून पुढे सुरू होते. परवान्याचे पुस्तक हाती आल्यावर ग्रामसभेला स्वतःच हिशेब ठेवणे भाग पडले. बांबू कोणी तोडला, किती तोडला, कोणत्या बेटातून तोडला, मजुरी किती दिली, गाडी कोणती व कोठे गेली, या नोंदी पूर्वी वनखात्याच्या दप्तरात असत. त्या गावात आल्या. बँक खाते, पॅन क्रमांक, कराचे व्यवहार ही कामे ग्रामसभेने शिकून घेतली. मजुरीतील ठरावीक वाटा ग्रामकोषात जमा करण्याची प्रथा गावात आधीपासून होती, त्यामुळे सामूहिक पैशाचा हिशेब सभेपुढे वाचून दाखविण्याची सवय होतीच. रोजगार हमी योजनेतून मृद व जलसंधारणाची कामे ग्रामसभेने केली. मध काढताना पोळे समूळ न नासवण्याची पद्धतही गावाने अभ्यास करून बसविली. २०१३ साली गावाने ग्रामदानाचा निर्णय घेऊन शेतजमिनीची मालकीही ग्रामसभेकडे सोपविण्याचे ठरविले.

यांतील किती गोष्टी आकड्यात बसतात? बांबूची संख्या व मजुरी बसते. सर्वसहमती बसत नाही. परंतु तिची एक खूण मोजता येते, ती म्हणजे सभेची उपस्थिती. वनहक्क नियमांनुसार (२०१२ च्या दुरुस्तीनंतर) ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी निम्म्याहून कमी सभासद चालत नाहीत आणि उपस्थितांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. अनेक नोंदणीकृत संस्थांची वार्षिक सभा गणपूर्तीअभावी तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते, हे सहकाराच्या परिचितांना सांगावे लागत नाही. उपस्थिती-वहीतील अंगठे व सह्या हा सामाजिक उत्तरदायित्वाचा कदाचित सर्वांत स्वस्त आणि खरा पुरावा होय.

एककांचा प्रश्न

वनोपजाच्या व्यवहारातील रूढ एकके विक्रीसाठी बनलेली आहेत. तेंदूपत्त्याची प्रमाण गोणी म्हणजे १,००० पुडे. महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पाने असतात. म्हणजे एका गोणीत ७०,००० पाने झाली. गोण्यांची संख्या व दर यांवरून मजुरी व रॉयल्टी निघते. हंगाम उन्हाळ्यात अवघ्या काही आठवड्यांचा असतो, पण घरात रोख पैसा येण्याचा तो मोठा काळ असतो. संकलनापूर्वी झुडपांची खुटकटाई करतात. ती न करता चांगला कोवळा पाला यावा म्हणून जंगलाला आग लावली, तर जमिनीवरील रोपे, मोहाची लहान झाडे, पक्ष्यांची घरटी यांची हानी होते. गोणीच्या आकड्यात आगीच्या पाल्याचा व खुटकटाईच्या पाल्याचा फरक कळत नाही. दोन्ही गोण्यांना सारखाच भाव मिळतो.

बांबूचेही तसेच. या जंगलात मुख्यतः मानवेल बांबू आढळतो. कटांग तुलनेने कमी. बेटातील चालू वर्षाचे कोंब व कोवळे बांबू राखून जुने तेवढे काढावेत आणि त्याच बेटाकडे तीन-चार वर्षांनी परत यावे, हा वनशास्त्राचा रूढ नियम आहे. समजा, दोन गावांनी प्रत्येकी १०,००० बांबू सारख्याच दराने विकले. एकाने नियम पाळून सर्व क्षेत्रातून थोडे थोडे काढले, दुसऱ्याने रस्त्यालगतची बेटे साफ केली. विक्रीच्या वहीत दोघांचे उत्पन्न समान दिसते; उलट वाहतूक कमी लागल्याने दुसऱ्याची बचत अधिक भरेल. फरक दिसायचा असेल तर नेलेल्या बांबूंबरोबर राखलेल्या बांबूंचीही नोंद हवी. नमुन्यादाखल काही बेटांवर खूण करून दरवर्षी नवे कोंब, राखलेले व तोडलेले बांबू मोजणे हा त्याचा साधा उपाय असून तो शाळेत शिकलेले कोणतेही मूल करू शकते. सामूहिक वनहक्क क्षेत्रासाठी ग्रामसभेने करावयाच्या संवर्धन व व्यवस्थापन आराखड्यात अशा नोंदींना जागा आहे.

मजुरीच्या बाबतीत दर आणि दिवस या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. दर वाढला पण काम दहाच दिवस मिळाले, तर कुटुंब उरलेल्या काळासाठी मिरची तोडायला तेलंगणात जाते व मुलांची शाळा बुडते. म्हणून किती कुटुंबांनी त्या वर्षी स्थलांतर केले, हा आकडा गावपातळीवर मजुरीच्या एकूण रकमेपेक्षा अधिक बोलका ठरतो.

पाचगावचे शून्य

चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ साली सुमारे १,००० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेने बांबूची तोड व विक्री स्वतः सुरू केली आणि त्यातून गावात रोजगार निर्माण झाला. तेंदूपत्त्याबाबत मात्र गावाने वेगळा निर्णय घेतला. पाने काढण्यासाठी झाडांची छाटणी व आगी यांमुळे जंगलाचे नुकसान होते, आणि तेंदूची फळे (टेंभरे) माणसांना व पक्ष्यांना लाभत नाहीत, असा विचार करून ग्रामसभेने तेंदूपत्ता विकायचाच नाही असे ठरविले. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी आपल्या लेखनात या गावाच्या व्यवस्थापनाची दखल घेतली आहे.

या निर्णयाचे मापन कसे करावे? तेंदूच्या रकान्यात पाचगावचे उत्पन्न शून्य आहे. शेजारच्या ज्या गावाला पाला मिळालाच नाही त्याचेही शून्य, आणि ज्याचा ठेकेदार पैसे बुडवून गेला त्याचेही शून्यच. तीन शून्यांचे अर्थ तीन आहेत. केवळ रकमा जुळविणाऱ्या कोणत्याही पद्धतीत पाचगावचा निर्णय उत्पन्नातील घट म्हणूनच नोंदला जाईल. रकमेशेजारी तिचे कारण व ग्रामसभेच्या ठरावाची तारीख लिहिण्याची सोय ठेवली, तरच ते शून्य वाचता येते. येथे हेही नमूद केले पाहिजे की ज्या गावाकडे विक्रीयोग्य बांबू भरपूर आहे त्याला तेंदू सोडणे परवडते. बांबू नसलेल्या गावाने तेच करावे अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल.

जागतिक प्रयत्न

जगभर यासाठी अनेक चौकटी तयार झाल्या. ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह ही संस्था १९९७ मध्ये स्थापन झाली. सामाजिक उत्तरदायित्वाविषयीचे आयएसओ २६००० हे मार्गदर्शक मानक २०१० मध्ये आले. आणि २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी १७ शाश्वत विकास ध्येये स्वीकारली. २०१८ साली श्रमसांख्यिकी तज्ज्ञांच्या विसाव्या आंतरराष्ट्रीय परिषदेने सहकारी संस्थांच्या आकडेवारीसाठी मार्गदर्शक तत्त्वे मंजूर केली. संस्थांच्या जागतिक क्रमवाऱ्या मात्र अजूनही मुख्यतः उलाढालीवर ठरतात. उलाढालीचे दरडोई राष्ट्रीय उत्पन्नाशी प्रमाण काढणाऱ्या यादीत भारताची इफ्को ही खत सहकारी संस्था अनेकदा पहिली आली आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या सामाजिक विकास संशोधन संस्थेने २०१८ ते २०२२ या काळात सहकारी व सामाजिक उद्यमांसह सर्व उद्योगांसाठी निर्देशकांवर काम केले. गतवर्षीपेक्षा सुधारणा झाली, एवढे सांगणे पुरेसे नसून निसर्गाची व समाजाची सहनमर्यादा किती आणि संस्था तिच्या आत आहे की बाहेर, हे दाखविले पाहिजे, हा त्या कामाचा मुख्य मुद्दा होता. धानोऱ्याच्या शेतकऱ्याला तो नवा वाटणार नाही. बेटात किती बांबू राखायचे, हा प्रश्न सहनमर्यादेचाच आहे.

मर्यादा व मतभेद

अशा मापनाला आक्षेपही आहेत. नोंदींचा भार ज्यांच्यावर पडतो ती माणसे मजुरी बुडवून हे काम करतात, आणि त्यांच्या भाषेत व त्यांच्या लिपीत छापील नमुने क्वचितच मिळतात. गोंडीत झालेली चर्चा मराठी इतिवृत्तात येते, तेथून ती इंग्रजी अहवालात जाते, आणि प्रत्येक पायरीवर काही गळते. निर्देशक बाहेरून ठरले तर गाव ते भरून देते व विसरून जाते. दुसऱ्या बाजूने, गावाने स्वतःच ठरविलेल्या निर्देशकांवर पूर्ण विसंबणेही धोक्याचे असते, कारण सोयीचे तेवढे मोजण्याचा मोह सर्वत्र सारखाच. यावर मध्यम मार्ग म्हणून शेजारच्या गावाने तपासणी करावी अशी सूचना केली जाते. कोरची तालुक्यातील महाग्रामसभेसारखे ग्रामसभांचे संघ असे काम करू शकतील, अशी अपेक्षा आहे.

तुलनेचा कालखंड हाही वादाचा विषय आहे. लेखापरीक्षण एप्रिल ते मार्च या वर्षाचे होते. जंगलाचे वर्ष पावसाने सुरू होते. शिवाय मानवेल बांबूला काही दशकांनी एकदा सामूहिक फुलोरा येतो. त्यानंतर बेटे वाळून मरतात, बियांपासून नवी रोपे उगवतात आणि ती तोडीयोग्य होईपर्यंत अनेक वर्षे उत्पन्न जवळपास थांबते. या काळात चराई व आग रोखून रोपे जगविणारी ग्रामसभा विक्रीच्या आकड्यांत निष्क्रिय दिसते. अशा वर्षांची तुलना आदल्या वर्षाशी करता येत नाही. ती मागील फुलोऱ्यानंतरच्या वर्षांशी करावी लागते, आणि त्या वर्षांच्या वह्या त्यासाठी गावात जपून ठेवलेल्या असाव्या लागतात.